भिंतीची साक्ष

गावात नव्यानं आलेल्या साधूबाबांनी तांब्यातलं पाणी वेशीच्या पांढऱ्या भिंतीवर फेकलं आणि अख्खं गाव श्वास रोखून बघत राहिलं. पाणी ओघळता ओघळता लाल अक्षरं उमटली : खालची आळी.

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं.

कित्येक पिढ्यांपूर्वी याच वेशीचं दार कुणीतरी आतून उघडलं, शत्रू आत शिरला आणि गाव कापलं गेलं. कुणी उघडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. अडलं ते नगराध्यक्षांचं. खालच्या आळीची नदीकाठची जागा डोळ्यांत भरल्यापासून.

"माणूस विसरतो, बाळांनो. दगड विसरत नाही!" बाबा गरजले. त्यांनी ओल्या फडक्यानं भिंत पुसून कोरी केली. "उद्या पुन्हा विचारू. उत्तर तेच आलं तर..."

"तर आळी रिकामी," नगराध्यक्षांनी वाक्य पुरं केलं.

पेन्शनर आजोबा पुढे सरसावले. स्वतःचा चष्मा कपाळावर आहे हे त्यांना आठवत नसे. पण आता म्हणाले, "आमचे पणजोबा सांगायचे ना! खालच्या आळीचंच काम!"

शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई भिंतीजवळच उभ्या होत्या. त्यांचे वडील खालच्या आळीत शिंपीकाम करत. त्या तडक तिकडे गेल्या.

"अप्पा, आजच माझ्याकडे चला."

"का गं? दार मी उघडलं की काय? माझ्याच्यानं कपाटाचं दार उघडत नाही!" अप्पांनी मशीन थांबवलंसुद्धा नाही.

चिडून बाई मोरीत गेल्या. बाबांच्या पाण्याचे शिंतोडे बाहीवर उडाले होते. ते केव्हाच वाळून दिसेनासे झाले होते. पण साबण लागला मात्र, बाही लालभडक! बाईंनी त्यावर लिंबू पिळलं. लाली गायब.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन ओली फडकी घेऊन वेशीपाशी गेल्या. "भिंत पुसते हो. सेवा म्हणून."

"पुसा बाई, पुण्य लागेल," पहारेकरी जांभई देत म्हणाला.

संध्याकाळी बाबांनी पाणी फेकलं. अक्षरं उमटली : वरची आळी.

बाईंना वाटलं होतं, आता गाव पोट धरून हसेल. कुणी हसलं नाही. सगळी गर्दी एकदम वळली. वरच्या आळीत पहिलंच घर नगराध्यक्षांचं.

"हां, वरचीच!" पेन्शनर आजोबा ओरडले. "पणजोबा वरचीच म्हणायचे!"

एक दगड सणसणत आला आणि नगराध्यक्षांच्या कानावर बसला.

"अरे थांबा! रक्त नाही ते!" ते हात जोडून विव्हळले. "भिंतीवर धुण्याच्या सोड्यानं लिहिलंय! आणि तांब्यात जुलाबाचं जुनं औषध! सोड्यावर पडलं की लाल होतं. बाबांना विचारा!"

"मला कशाला ओढता? सोडा तुमच्याच माणसानं लावला!" बाबा मागच्या मागे सरकत होते.

दुसरा दगड उचलला गेला होता. बाई धावत जाऊन मध्ये उभ्या राहिल्या. "ते मी लिहिलंय! यांचा सोडा लिंबाच्या फडक्यानं पुसला आणि माझा लावला. हे बघा!" त्यांनी लिंबाचं फडकं भिंतीवरून फिरवलं. वरची आळी नाहीशी झाली. मग तेच फडकं त्यांनी नगराध्यक्षांच्या कानाला लावलं. ते कळवळले. फडकं लाल झालं, लालच राहिलं.

"रक्त असं असतं," बाई म्हणाल्या.

काही दगड खाली पडले. सगळे नाही.

"मग दार उघडलं तरी कुणी?" हातातला दगड न टाकता एकानं विचारलं.

"मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. ठाऊक नाही म्हणायला लाज कसली? पण तुमच्या वतीनं कुणी आठवायला लागला, तर दगड उचलण्याआधी एवढं विचारा, की हे आठवून त्याला काय मिळणार आहे."