रिकाम्या तारखेपुढं गप्प बसलेली चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. तुमच्या आईच्या हातातली, पिठाची चाळणी नव्हे. मला जाळी नाही, कडं नाही, भिंतीवरच्या खिळ्याला मला कोणी टांगत नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहते. जन्मले तेव्हा जेमतेम अकरा ओळींची होते. जाणती माणसं मला फंक्शन म्हणतात. पण जिनं मला लिहिलं ती राधिकाताई मला चाळणीच म्हणायची, म्हणून मीही तेच नाव सांगते.

माझा जन्म सेनगावचा. तिथं बाजाराच्या मागं, दोन खोल्यांत एक लहानशी संस्था चालायची. मेंढरं घेऊन रानोरान हिंडणाऱ्या कुटुंबांची लेकरं लसीवाचून राहू नयेत, एवढंच तिचं काम. राधिकाताई तिथं कॉम्प्युटरवर बसायची. तिचं स्वतःचं लेकरू तेव्हा सहा महिन्यांचं होतं. टेबलाशेजारी साडीची झोळी बांधलेली. एका हातानं ताई झोळीला झोका द्यायची आणि दुसऱ्या हातानं मला लिहायची. लेकरू जागं झालं की माझी ओळ अर्ध्यातच थांबायची. अशा तीन दुपारी गेल्या, तेव्हा कुठं मी पुरी झाले.

माझी गरज काय पडली, ते सांगते. कॉम्प्युटरात एक मोठी वही होती. तिच्यात अडीच हजार लेकरांची नावं, एका लेकराला एक ओळ. त्या वहीला प्रश्न विचारता येतो. 'पुसेगावची लेकरं दाखव' म्हटलं की ती पुसेगावची लेकरं दाखवते. 'दहा किलोच्या खालची दाखव' म्हटलं की तीही दाखवते. असल्या सोप्या चाळण्या तिच्याजवळ तयारच असतात. पण मेंढपाळांचं लेकरू एका गावचं कुठं असतं? खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. इथं आठ दिवस, तिथं पंधरा. मेंढरं, कुत्री, घोडी, कोंबड्या आणि लेकरंबाळं असा सगळा वाडा हलत असतो. पुढचं रान कोणाचं, हे मात्र आधीच ठरलेलं असतं. राधिकाताई फोन करकरून ते विचारून घ्यायची आणि वहीत लिहायची.

तिला वहीला विचारायचं होतं ते असं: येत्या बुधवारी कोणता वाडा कुठल्या रानात असेल, त्यातल्या कोणत्या लेकराला नऊ महिने भरले असतील आणि कोणाला गोवराची लस अजून टोचलेली नसेल? एवढा लांबचा प्रश्न चाळणारी तयार चाळणी कुठून मिळणार? म्हणून तिनं मला घडवलं. एकेक ओळ माझ्यापुढं यायची. मी जन्मतारीख बघायची, दिवस मोजायची, वाड्याचा मुक्काम बघायची, लस टोचली का ते बघायची आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायची. हो म्हटलं की लेकरू यादीत राहायचं. नाही म्हटलं की ओळ खाली पडायची.

पहिली यादी निघाली तो दिवस मला अजून आठवतो. संस्थेच्या सिस्टर शकुंतलाबाई ती घेऊन गेल्या आणि संध्याकाळी पायांची धूळ न झटकताच आत आल्या. यादीतली सतराच्या सतरा लेकरं जिथल्या तिथं सापडली होती.

"काहून गं राधिका, तुझ्या मशीनीला मेंढरांचा वास येऊन राहिला का?"

"वास न्हाई सिस्टर, चाळणी हाय."

"मंग माझ्या घरची बी चाळून दे बाई. नवरा कोणत्या हाटेलात बसलाय, तेवढं कळू दे."

दोघी खूप हसल्या. झोळीतलं लेकरू दचकून उठलं. मित्रांनो, मी इतकी सुखावले म्हणून सांगू! पुढं दोन वर्षं दर बुधवारी मी अडीच हजार ओळी चाळल्या. तयार चाळण्यांपेक्षा मी जरा मंदच. ताईचा चहा पिऊन व्हायचा तेव्हा माझी यादी हाती यायची. पण माझ्या नावानं कोणी कुरकूर केली नाही.

एक गोष्ट मात्र हळूहळू बदलत गेली. पूर्वी शकुंतलाबाई वाड्यावर गेल्या की पालापालांतून वाकून बघायच्या. लेकरू उचलून कडेवर घ्यायच्या, दात बघायच्या आणि वजनावरून वय सांगायच्या. आता त्या वाड्यावर उभ्या राहून यादी वाचायच्या. नाव निघालं त्याला लस. नाही निघालं त्याला पुढच्या बारीला.

असंच एकदा, दिवाळीच्या अलीकडं, बाजाराच्या दिवशी एक आजी आत आली. पंचफुलाबाई तिचं नाव. दगडोबा नावाच्या मेंढपाळाच्या वाड्यावरची. कडेवर नात होती, कोमल. वाटेत घेतलेला फुगा त्या लेकरानं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

"हिचं नाव लिवा बाई. लस पाहिजे हिला."

"लिहिते आजी. जन्मतारीख सांगा."

"तारीख कशाची आलीय! पावसाच्या आंदी कातरणी झाली न्हाई का, तिच्या तिसऱ्या दिशी झाली ही. आर्धी मेंढरं कातरली होती, आर्धी तशीच हुबी. कातरणारे म्हनले, आजी, आता हिची बी लोकर काढू का?"

शकुंतलाबाई हसल्या. "राधिका, एक जून लिही. शाळेत जन्मतारीख ठाऊक नसली की गुर्जी एक जूनच लिवतेत. माझी बी एक जून, माझ्या नवऱ्याची बी एक जून. आमच्या घरी एकाच केकात भागतं."

"नको सिस्टर. खोटी तारीख घातली तर चाळणी खोटं मोजंल." राधिकाताई आजीकडं वळली. "आजी, कातरणी कोणत्या तारखेला झाली, कुठं लिहिलंय का?"

"लोकर घेणाऱ्यानं चिठ्ठी देली हाय की. प्रभूपाशी हाय, माझ्या पोरापाशी. तिच्यावर तारीख आसंल."

"मग ती पाहून मला फोन करा. तोवर तारखेचा रकाना मोकळा ठेवते."

आजीनं पदर सावरला आणि विचारलं, "पर नाव तर हाय ना आत?"

"हाय ना आजी. नाव पक्कं हाय."

"मंग झालं. सिस्टर येतील तवा आमी लेकरू घेऊन बसून ऱ्हातो."

ती गेली. राधिकाताईनं एका चिटोऱ्यावर 'कोमल, लोकरीची चिठ्ठी' असं लिहून तो कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवला. तिसऱ्याच दिवशी तिच्या लेकराला ताप भरला आणि ती आठ दिवस रजेवर गेली. परत आली तेव्हा टेबलावर फॉर्मांचा ढीग होता आणि चिटोरा केव्हाच गळून टेबलामागं पडला होता. आजीनं फोन केला नाही. का करावा? नाव पक्कं आहे, असं तिला सांगितलं होतं.

आता माझं सांगते. कोमलची ओळ दर बुधवारी माझ्यापुढं यायची. मी तारीख बघायला जायची, तर तिथं काहीच नसायचं. मित्रांनो, रिकाम्यातून दिवस कसे मोजायचे? हो म्हणावं तर वय ठाऊक नाही. नाही म्हणावं तर तेही ठाऊक नाही. राधिकाताईनं मला शंभर ओळींवर घासूनपुसून तपासलं होतं, पण त्यांतली प्रत्येक तारीख भरलेली होती. रिकामी तारीख आली तर काय करायचं, हे माझ्या अकरा ओळींत कुठंच नव्हतं. म्हणून मी गप्प बसायची.

आणि यादीचा कायदा असा, की जी ओळ 'हो' घेऊन येईल तीच आत. मी नाही म्हणाले काय आणि गप्प बसले काय, यादीला दोन्ही सारखंच. कोमलची ओळ खाली पडायची. लाल दिवा लागला नाही, घंटी वाजली नाही. खाली पडलेल्यांची यादी कोणी मागतच नव्हतं. पुढची ओळ आली की मी पुढं जायची.

पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. दगडोबाचा वाडा डोंगरकडा गावाच्या बाजूला उतरला आणि पावसाळा संपेपर्यंत त्याची काही खबर आली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पंचफुलाबाई पुन्हा त्या दारात उभी राहिली. कोमल आता चालत होती. आजीच्या लुगड्याचा काठ धरून ती आत आली आणि खुर्चीच्या पायाशी बसून खेळायला लागली.

"या आजी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लई दिसांनी! नात मोठी झाली की."

"मोठी झाली. पर बाई, हिला आयकू येत न्हाई."

राधिकाताईनं हातातले फॉर्म खाली ठेवले.

"चैतात गोवर निघाला," आजी सांगू लागली. "लिंबाचा पाला हातरला, त्याच्यावर निजवली. ताप उतरला, मंग कान वाहू लागले. ते बी सुकले. आमाला वाटलं, झालं बरं. मंग एक दिस लांडगा आला म्हनून कुत्री भुकली. समदी मेंढरं उठून हुबी ऱ्हायली, आन् ही खडे खेळतच बसली. हिंगोलीच्या डाक्टरला दाखवलं. तो म्हनला, गेलेलं आयकणं आता येत न्हाई."

"गोवर?" शकुंतलाबाई उठल्याच. "अन् लस? लस न्हाई दिली व्हय?"

आजीनं त्यांच्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"तुमीच न्हाई देली बाई. तीन बाऱ्या मी हिला मांडीवर घेऊन बसले. तुमी कागद पाहिला. म्हनल्या, आजी, यादीत नाव न्हाई, म्हंजी नऊ महिने भरले न्हाईत. म्या म्हनलं, बाई, हिला दात आलेत, उष्टावण बी झालं. तुमी म्हनल्या, मशीन चुकत न्हाई."

शकुंतलाबाई खाली बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

"मी भांडाया न्हाई आले," आजी म्हणाली. "फकस्त इचाराया आले. आमचं काय चुकलं, तेवढं सांगा. आमी तर सांगितल्यावाणी बसून होतो."

राधिकाताईनं वही उघडली. कोमलचं नाव होतं. नावापुढं तारखेचा रकाना मोकळा होता. तिनं मला एकटीला हाक मारली आणि कोमलची एकच ओळ माझ्यापुढं ठेवली. मी तेच केलं जे दर बुधवारी करत आले होते. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ताई त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिली.

"आजी," ती कशीबशी म्हणाली, "तुमचं काही चुकलं न्हाई. नाव होतं. मी तारीख मोकळी ठेवली, अन् मोकळ्या तारखेचं काय करायचं ते मशीनीला सांगितलंच न्हाई. चूक माझी हाय."

आजीनं कमरेची पिशवी सोडली. आतून घड्या पडून पिवळी झालेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. लोकरीचं वजन, खाली तारीख. "हे घ्या. तवा आणाया पाहिजे होती. आमाला वाटलं, नाव हाय ना."

राधिकाताईनं तारीख भरली आणि ओळ पुन्हा माझ्यापुढं आणली. मित्रांनो, मी मोजलं. नऊ महिने कधीच भरून गेले होते. मी 'हो' म्हणाले. आयुष्यात कोणताही 'हो' मला इतका जड गेला नाही.

मग ताईनं मला बारावी ओळ जोडली: तारीख रिकामी असेल तर 'हो' म्हण, लेकरू यादीत ठेव आणि पुढं लिही, 'जाऊन बघा'. त्या बुधवारी कोमलखेरीज तीस नवी नावं वर आली. तीस लेकरं दर आठवड्याला माझ्यातून खाली पडत होती आणि मी कौतुक ऐकत बसले होते.

गोवर होऊन गेला तरी ती लस द्यायचीच, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून शकुंतलाबाई दगडोबाच्या वाड्यावर गेल्या. परत आल्या तेव्हा पिशवी खांद्यावरच होती.

"राधिका, सवयीनं यादी काढली अन् वाचली. कोमल प्रभू, म्हनून हाक मारली. दोनदा मारली. ती पाठमोरी बसली होती, कोकराला पाला चारत. आजी म्हनली, बाई, नाव नका पुकारू आता. जवळ जा अन् हात धरा."

"मंग?"

"मंग गेले. हात धरला."

आता माझं वय झालं आहे. संस्थेत नवा कॉम्प्युटर आला, नवी वही आली, मला क्वचितच कोणी हाक मारतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी माझ्यासारखी चाळणी लिहील. कोणी नुसती यादी हातात घेऊन दारात उभं राहील. तेव्हा वर काय राहिलं ते बघाच, पण वाकून खाली काय पडलं तेही बघा. ज्याच्याविषयी ठाऊक नाही, त्याला 'नाही'त टाकू नका. त्याच्या दाराशी जा आणि विचारा. तिथं कोणीतरी लेकरू मांडीवर घेऊन, तुमच्या शब्दावर बसलेलं असतं.