दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना

प्राध्यापकांच्या गॅरेजात, हत्यारांच्या फळीच्या वर, काचेच्या चौकटीत एक फडके लावलेले होते. निळे, हातभर लांब, एका कडेला तेलाचा डाग आणि कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने भरलेली एका वर्कशॉपची निशाणी. खाली प्राध्यापकांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती, हस्तलिखितांच्या सूचीत नोंद असते तशी: ‘सापडल्याचे स्थान: टर्बो आणि इंजिन यांना जोडणारी नळी. अवस्था: चुरगळलेली. कर्ता: माझा मेहुणा.’

चाळीस वर्षे या गृहस्थांनी जुन्या पोथ्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहण्यात आणि खरा पाठ कोणता हे ठरवण्यात घालवली होती. त्या काळात त्यांनी जितके शत्रू जोडले ते सगळे तळटिपांतून. मेहुणा हा एकच असा, की ज्याच्याशी वैर करण्यासाठी त्यांना गुडघे टेकून गाडीखाली शिरावे लागले.

प्रकरण दोन वर्षांपूर्वीचे. लेकीची गाडी, दोन दारांची, बुटकी, पावसाळी ढगाच्या रंगाची, मोठा टर्बो बसवण्यासाठी मामाच्या वर्कशॉपमध्ये गेली होती. टर्बो म्हणजे इंजिनाच्या घशात हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त, एवढे तत्त्वज्ञान प्राध्यापकांना तेव्हाही उमगत होते. गाडी परत आली ती फोटो, तक्ते आणि शिक्क्यांनी फुगलेली एक फाईल घेऊन. मग बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीला, लेक सगळ्यांच्या पुढे असताना, इंजिनाचा श्वास कोंडला. मागून येणारी गाडी तिच्या आरशाला घासून गेली. नळी उघडली तेव्हा आत ते फडके निघाले.

मामाने कपाळाला आठी पडू दिली नाही. “एवढ्या कामात एखादं फडकं इकडंतिकडं व्हायचंच, भाऊजी,” तो म्हणाला. “तुमच्या पोथीत नाही का एखादी ओळ सुटत?”

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी गॅरेजातून पुस्तकांची खोकी बाहेर काढली आणि जॅक आत नेला.

त्यानंतरचे चौदा महिने घरात दोन पक्ष होते. एका पक्षाचे म्हणणे असे, की इंजिन हे हाताचे काम आहे आणि हात रोज त्या कामात असला पाहिजे. वर्कशॉपमध्ये दिवसाला चार इंजिने उघडतात, प्राध्यापकांनी आयुष्यात एकच उघडले आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की दिवसाला चार उघडणारा एकही नीट बंद करत नाही. आपल्या लेकीच्या गाडीवर जितके लक्ष बाप देईल तितके पगारी माणूस कशाला देईल? मामा येता-जाता टोमणा मारी, “पुराणातली वांगी पुराणातच बरी, भाऊजी. इंजिनात टाकू नका.” त्यावर प्राध्यापक त्याला चौकटीसमोर नेऊन, तुमच्या पाकशाळेत काय शिजते ते आम्ही पाहिले आहे, असे अत्यंत शुद्ध भाषेत सांगत. दोघांच्या मध्ये उभी राहणारी बाई एकाची बायको आणि दुसऱ्याची थोरली बहीण होती. तिने आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता: एकाच्या हाताला डोळे नाहीत, दुसऱ्याच्या डोळ्यांना हात नाहीत, आणि दोघांच्या तोंडाला मात्र कसलीच कमी नाही.

प्राध्यापकांचे काम वाईट नव्हते, हे इथेच सांगितले पाहिजे, कारण मामाने ते कधी सांगितले नाही. प्रत्येक सुटा भाग त्यांनी धुऊन, पुसून, क्रमांक घालून पांढऱ्या कापडावर मांडला. जे कळले नाही ते त्यांनी तीनदा वाचले, आणि जे कळले ते चौथ्यांदा. वर्कशॉपची एक रीतही त्यांनी, शत्रूची असूनही, उचलली. तिथे बोल्ट आवळणारा माणूस त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढी. मग दुसरा माणूस येऊन तपासी आणि पांढऱ्याशेजारी पिवळी रेघ ओढी. गॅरेजात दुसरा माणूस नव्हता. प्राध्यापक आज पांढरी रेघ ओढत, रात्रभर मध्ये जाऊ देत आणि उद्या सकाळी पिवळी ओढत. स्वतःच्या पुस्तकाची मुद्रिते कोणी स्वतः तपासू नयेत, डोळ्याला जे हवे तेच तो वाचतो, असे चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना बजावणारा हा माणूस दोन कुंचले विकत घेऊन दोन माणसे झाला होता.

आणि मग कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आले. इंजिनात पिस्टन वर-खाली नाचवणाऱ्या दांड्या असतात. चार दांड्या, आठ बोल्ट. मूळ कंपनीचेच नवे बोल्ट घ्यायचे आणि कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात सांगितले तेवढेच आवळायचे. कमी आवळला तर सुटतो. जास्त आवळला तर ताणला जातो, वरून शहाण्यासारखा दिसतो आणि ऐन वेगात तुटतो.

अडचण अशी, की पुस्तके दोन होती. पहिल्या आवृत्तीत लिहिले होते: ठरलेल्या जोरापर्यंत आवळा, मग पाव फेरा फिरवा, मग पाव फेरा फिरवा. दुसऱ्या आवृत्तीत पाव फेरा एकदाच होता. पहिली आवृत्ती प्राध्यापकांकडे सबंध होती. दुसरीतले फक्त इंजिनाचे प्रकरण त्यांनी एका ग्रंथालयातून झेरॉक्स करून आणले होते.

साध्या माणसाने अशा वेळी कोणाला तरी विचारले असते. प्राध्यापकांना विचारण्याची गरज वाटली नाही. हा प्रश्न त्यांच्याच घरचा होता. सारखे वाक्य लागोपाठ दोनदा आले, की नकल करणाऱ्याचा डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरतो आणि एक वाक्य गळते. हा प्रमाद त्यांनी शेकडो पोथ्यांत पकडला होता. त्यावर एक व्याख्यान होते, ते गाजलेही होते. शिवाय जुनी प्रत मुळाच्या जवळ असते, नव्या प्रतीत चुका साचत जातात. म्हणून पाव फेरा दोनदा. आठही बोल्ट त्यांनी तसे आवळले, पांढऱ्या रेघा ओढल्या, आणि सकाळी, समाधानाने, पिवळ्या. शेजारी वहीत नोंद केली: ‘दुसऱ्या आवृत्तीतील पाठ भ्रष्ट.’

शर्यत रविवारी होती. शर्यती भरवणाऱ्या क्लबचा नियम असा, की इंजिनात फेरफार केलेल्या गाडीच्या अर्जावर दोन सह्या हव्यात: ज्याने काम केले त्याची, आणि ज्याने तपासले त्याची. तपासणारा क्लबच्या यादीतला हवा. यादीत तीन नावे होती. एक परदेशी गेले होते, एक वारले होते आणि तिसरा मेहुणा होता.

शनिवारी दुपारी बाप-लेक गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. लेक काहीशी हरखलेली होती. चौदा महिन्यांत तिने बापाला एकदाही अडवले नव्हते. या वेळी नीट धावली तर पुढच्या हंगामाच्या चमूत तिची जागा पक्की होती, आणि या वेळीही इंजिनाने दगा दिला तर तिला तिसऱ्यांदा कोणी बोलावणार नव्हते. मामा हात पुसत बाहेर आला. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडले, हिरा पारखणाऱ्याच्या आविर्भावात आत डोकावला आणि आपल्या माणसांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, की इंजिन मोठे सुवाच्य आहे. माणसे हसली. मग त्याने भाऊजींना काचेच्या खोलीत बसून चहा घेण्याची विनंती केली, कारण इथे लोकांना कामे असतात.

काचेच्या खोलीत एक सोफा होता, चहाचे यंत्र होते आणि टेबलावर काही कॅटलॉग पडले होते. त्यांच्याखाली, तेलाच्या बोटांनी कडा काळ्या झालेली, दुसरी आवृत्ती होती. सबंध. प्राध्यापकांनी कागदी पेला भरून घेतला आणि सवयीने पुस्तक पहिल्या पानापासून उघडले. प्रस्तावना न वाचता ग्रंथात शिरणारा विद्यार्थी हा चपला घालून स्वयंपाकघरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा असतो, हे वाक्य त्यांचेच होते.

प्रस्तावना दीड पानाची होती. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, की मागील आवृत्तीत कनेक्टिंग रॉडच्या बोल्टसंबंधीचे एक वाक्य छापताना चुकून दोनदा पडले होते. त्याप्रमाणे आवळलेले बोल्ट ताणले गेले असल्याने ते पुन्हा वापरू नयेत. अशी काही इंजिने वेगात असताना फुटली आहेत.

गळलेले काही नव्हते. वाढलेले होते. नकल करणाऱ्याचा डोळा पुढे घसरतो तसा कधी मागेही घसरतो आणि लिहिलेलेच पुन्हा लिहितो. त्यांच्या त्याच गाजलेल्या व्याख्यानाचा तो उत्तरार्ध होता.

प्राध्यापकांनी परिच्छेद पुन्हा वाचला. मग काचेतून बाहेर पाहिले. गाडी लिफ्टवर चढली नव्हती. बोल्ट पाहायचे तर खालचे तेलाचे चेंबर उतरवावे लागते. चेंबराला कोणी बोटही लावले नव्हते. मामा गाडीच्या टपावर अर्ज ठेवून भाचीला काहीतरी गमतीचे सांगत होता आणि सांगता सांगता, कागदाकडे न पाहता, त्याने सही केली.

या क्षणी प्राध्यापकांच्या मनात जे आले ते त्यांनी पुढे कोणालाही सांगितले नाही, आणि ते सुंदर होते. सही झाली होती. आता ते इंजिन दोघांचे होते. उद्या फुटले तर ‘तपासले’ या शब्दाखाली मेहुण्याचे नाव असेल, छापील नियमानुसार, तारखेसह. फडक्याला उत्तर मिळत होते आणि उत्तर चोख होते. ते सगळ्या बाजूंनी न्याहाळत त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग दुसरा. एखादा दुर्मिळ पाठ हाती लागावा तसे ते त्या विचाराला उलटसुलट करून पाहत राहिले. पेला रिकामा झाला तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की या रचनेत एक शब्द सुटला आहे. इंजिन फुटेल तेव्हा आत कोण बसलेले असेल, हा. तुटलेली दांडी इंजिनाची भिंत फोडते, उकळते तेल मागच्या चाकांखाली येते, आणि गाडी मग कोणाचीच राहत नाही.

ते पुस्तक घेऊन बाहेर आले. बोट अजून त्या पानात होते.

मामा अर्ज भाचीच्या हातात देत होता. ती म्हणाली, “मामा, तू पाहिलंस?”

“पाहिलं की.”

“त्यांनी पाहिलेलं नाही,” प्राध्यापक म्हणाले. “आणि पाहायला हवं होतं. बोल्ट मी चुकीचे आवळलेत. आठही.”

वर्कशॉपमधला एक पाना कुठेतरी थांबला. मामाच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला, निखळ, लहान मुलासारखा. पण अर्ज अजून त्याच्या चिमटीत होता, आणि त्यावरची शाई कोणाची आहे हे उशिरा का होईना त्याच्या लक्षात आले. आनंद तिथेच विझला. त्याने विचारले, की भाऊजींनी कुठली आवृत्ती धरली. भाऊजींनी सांगितले, पहिली. मामा म्हणाला, ही गोष्ट वर्कशॉपमधला झाडूवालासुद्धा जाणतो. एक शब्द विचारायचा होता. प्राध्यापक म्हणाले, एक चेंबर उघडायचे होते.

लेकीने अर्ज घेतला, त्याची नीट चौपदरी घडी केली आणि फाडला. पुढच्या हंगामाची जागा त्या तुकड्यांत होती. ती बापाकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तो बापाच्याच वळणावर गेला होता.

“तुम्हाला कधी कळलं, बाबा?”

कुठलीही तारीख अंदाजाने सांगायची नाही, हा प्राध्यापकांचा नियम होता. त्यांनी तो याही वेळी मोडला नाही. “चहाच्या पहिल्या घोटाआधी.”

तिने काचेतून टेबलाकडे पाहिले. रिकामा पेला तिथे होता.

“आणि चहा संपवलात,” ती म्हणाली.

रविवारी ती ट्रॅकवर गेली नाही. दोन आठवडे ती बापाशी जेवणापुरते बोलली आणि मामाशी तेवढेही नाही. मग एका सकाळी तिने दोघांना गॅरेजात बोलावून घेतले. इंजिन उघडे होते, आठ नवे बोल्ट पांढऱ्या कापडावर होते. पाना तिने स्वतः हातात घेतला, पांढरा कुंचलाही. पिवळा मामाला दिला आणि सांगितले, की मोजल्याशिवाय एकही रेघ ओढायची नाही, ती बघत उभी राहणार आहे. बापाला कुंचला दिला नाही. त्यांच्या हातात दुसरी आवृत्ती दिली. त्यांनी वाचायचे.

प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि प्रस्तावनेपासून सुरुवात केली. त्यांना कोणी थांबवले नाही. मामा प्रत्येक बोल्ट दोनदा मोजत होता, घामाघूम, दात आवळून, दहावीच्या परीक्षेत बसवल्यासारखा. दुसऱ्या परिच्छेदाला त्याने मान वर न करता एवढेच म्हटले, की वांगी बाहेर आली म्हणायची. प्राध्यापकांनी वाचन थांबवून त्याच्या पिवळ्या रेघेकडे बोट दाखवले आणि ती वाकडी आहे असे सांगितले. लेकीने दोघांकडे पाहिले. वाचन पुढे सुरू झाले.

काम संपल्यावर तिने जुन्या बोल्टांतला एक उचलला, नव्याशेजारी धरून नखाच्या जाडीएवढा लांबलेला पाहिला, आणि एका लहान चौकटीत बसवून फडक्याच्या शेजारी ठोकला. बापाच्याच पेनने, बापाच्याच पद्धतीने तिने चिठ्ठी लिहिली. ती आजही तिथे आहे; प्राध्यापक रोज तिच्यासमोरून जातात आणि तीत दुरुस्त करण्यासारखे त्यांना काही सापडत नाही.

‘सापडल्याचे स्थान: माझी गाडी. कर्ता: माझे वडील. तपासणारा: माझा मामा, न पाहता. चूक कळल्याची वेळ: चहाआधी. सांगितल्याची वेळ: चहानंतर.’