शेरिलच्या तळघरासाठी तक्ता

शेरिलचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर मासे साफ करत होते.

"लेफला शॉट मारायला तळघरात काहीतरी अंथरावं म्हणतोय आम्ही," ती म्हणाली. "दुकानात प्लायवूड आहे, पांढरा प्लास्टिकचा तक्ता आहे, एकमेकांत अडकवायच्या फरशा आहेत. घरी तो कशावर मारायचा? तू सांगशील ते आणते."

शेरिल म्हणजे माझ्या मुलाची दुसरी आई. आमच्याकडे पोरगं सोळाचं झालं आणि बर्फावरची हॉकी बरी खेळायला लागलं की लांबच्या गावचा संघ त्याला बोलावतो. मग तो तिथल्याच कुठल्यातरी घरी राहतो, त्यांच्या टेबलावर जेवतो. त्या घरच्या बाईला बिलेट आई म्हणतात. लेफ ऑगस्टमध्ये गेला. आमच्या आरबोर्ग गावापासून गाडीने सहा तास. शेरिल खाष्ट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती चांगली आहे, आणि मला तिचा फार राग येतो.

गावातल्या हॉकीच्या मैदानाचे प्लास्टिकचे कठडे बदलले तेव्हा स्टेफानने, माझ्या नवऱ्याने, तिथला एक जाड पांढरा तक्ता मागून आणला आणि गॅरेजमध्ये जमिनीला ठोकला. नऊ वर्षं लेफने जेवणाआधी त्यावर रोज दोनशे शॉट मारले. गॅरेज आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत एकच, त्यामुळे माझी ताटं थरथरायची. मी इकडून ओरडायचे, "बास कर रे मेल्या." आता ताटं गप्प आहेत आणि मला घास उतरत नाही.

"प्लायवूड," मी शेरिलला म्हणाले. "साधंच. त्याला तेच लागतं."

हे खोटं होतं. तक्त्यावर चकती बर्फावर सरकावी तशी सरकते, प्लायवूडवर ती अडखळते. हे मला झोपेतही सांगता येईल. पण मनात आलं, नाताळात तो घरी येईल, आपल्या तक्त्यावर पहिला शॉट मारेल आणि म्हणेल, हे तिकडे नाही. एवढंच हवं होतं मला. तिकडे काहीतरी कमी असावं.

नोव्हेंबरच्या मध्यावर लेफचा फोन आला.

"आई, माझा शॉटच गेलाय गं."

"गेला म्हणजे?"

"उशिरा सुटतो. मनगट मधेच झटका मारतं आणि चकती वर उडते. कोचने दोन सामने बाकावर बसवलं. रोज दोनशे मारतोय प्लायवूडवर, तरी."

"मग शेरिलला सांग की दुसरं काही आणायला."

"ती म्हणाली तूच सांगितलंस प्लायवूड. मला वाटलं तुझ्या डोक्यात काहीतरी असेल. हात कडक व्हावा म्हणून वगैरे."

दीड महिना पोराने माझ्यावर भरवसा ठेवून स्वतःचा हात बिघडवून घेतला होता. मला माझीच शिसारी आली.

स्टेफानला सगळं सांगितलं. "धन्य आहेस बाई तू," एवढंच तो म्हणाला आणि पाना-पेचकस घेऊन गॅरेजमध्ये गेला. तक्ता निघाला तेव्हा खालचं सिमेंट नव्यासारखं होतं. "नवीन घेऊन देऊया की तिला," तो म्हणाला. मी नको म्हटलं. नवा तक्ता दिला असता तर शिक्षा कुणाला झाली असती?

सरोवरावर स्टेफानची माशांची जाळी बर्फाखाली सोडलेली होती, म्हणून तक्ता गाडीत घालून मी एकटीच शेरिलकडे निघाले. लेफचा संघ बाहेरगावी खेळायला गेला होता तोच दिवस मी मुद्दाम निवडला. त्याच्या तोंडासमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

शेरिलने आणि मी प्लायवूड उचललं, तक्ता जिन्यावरून तिरका करत खाली नेला, अंथरला. ती गुडघ्यावर बसून त्यावरच्या काळ्या ओरखड्यांवरून हात फिरवत होती.

"हा होता तर प्लायवूड का सांगितलंस, लोर्ना?"

"त्याला घरची आठवण यावी म्हणून."

मला वाटलं ती आता चिडेल. ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "लेफ माझ्याकडे राहायला आलेला पाचवा मुलगा. पहिल्याच्या आईने मला सांगितलं होतं की त्याला अंडी चालत नाहीत. वर्षभर मी त्याला अंडं दाखवलं नाही. जाताना कळलं, अंडी त्याला जीव की प्राण. आईच्या हातची."

आम्ही दोघी हसलो. हसताना माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत.

वर येऊन तिने कॉफी ओतली. "मग आणखी काही सांगायचं राहिलंय का?" तिने अगदी सहज विचारलं. "मी मनावर घेणार नाही."

सामना हरला की लेफ कुणाशी बोलत नाही. तेव्हा गरम दुधात पाव कुस्करून, वर दालचिनी-साखर घालून वाटी त्याच्या दाराबाहेर ठेवायची, दार न वाजवता निघून जायचं. सकाळी वाटी रिकामी असते.

"नाही," मी म्हणाले. "बाकी सगळं तुला माहीत आहे."