आजोबा लपवण्याची ड्यूटी

आमच्या घरात फोन लपवत नाहीत, आजोबांना लपवतात.

अठरा वर्षांखालच्या मुलांना आठवड्यात तीन संध्याकाळी एकेक तास गेम, असा आमच्या चीनमधला सरकारी नियम. माझी पुतणी रानरान नऊ वर्षांची. पण तिच्या गेमचं खातं आमच्या बाबांच्या नावावर, आणि बाबा त्र्याहत्तर. गेम मधेच विचारतो, खरंच तुम्हीच खेळताय ना? मग बाबांनी कॅमेऱ्यासमोर तोंड धरायचं आणि डोळे मिचकावायचे. गेमच्या हिशेबी अख्ख्या नानचांग शहरातले सगळ्यात लढाऊ म्हातारे म्हणजे आमचे बाबा. रोज चार तास तलवार चालवतात.

मार्चमध्ये रानरानच्या चष्म्याचा नंबर उणे सव्वातीन निघाला. सहा महिन्यांत पाऊणने वाढलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याचा गोळा लांबतोय. लांबला की परत आखूड होत नाही. असाच लांबत गेला तर पुढे आतल्या पडद्याला धोका. झोपताना थेंब, स्क्रीन कमी, आणि रोज दोन तास बाहेर उजेडात. सप्टेंबरमध्ये बघू."

घरी आल्यावर वहिनी बोलली ते सगळ्यांना पुरलं.

बाबांचा फोनच काढून घ्यावा, तर त्यांना भाजीही आणता येईना, पैसे त्यातच. मग ठरलं, बाबांनी डोळे गच्च मिटून घ्यायचे. रानरान म्हणाली, "आजोबा, नाकावर डास." बाबांनी डोळे उघडले. लढाई सुरू.

"भाऊजी," वहिनी मला म्हणाली, "तुम्हाला नोकरी नाहीये ना?"

"शोधतोय."

"तोपर्यंत बाबांना लपवा."

तेव्हापासून हेच. शाळेसमोरच्या मोठ्या बागेत बाबांना लपवायचं, मग शाळेच्या दारातून रानरानला घेऊन त्याच बागेत त्यांना शोधायचं. लपवणारा मी, शोधणाराही मीच. दोन तासांत सापडले तर एक डाव, नाही तर शून्य.

बाबांनी तीस वर्षं बस चालवली. एका जागी बसणं त्यांना जमतं, पळणं नाही. पण रानरान रोज पुढच्या झाडापर्यंत पोचायची, म्हणून तेही रोज एक झाड पुढे. जूनपर्यंत बाबांचे गुडघे गेले, माझ्या चपला गेल्या. "मुलाखतीला जा रे," बाबा झुडपामागून म्हणायचे. मी म्हणायचो, "गप बसा, ती आली."

ऑगस्टमध्ये एकदा बाबा तळ्याकाठच्या बाकावर सरळ उघड्यावर बसले होते. लपायचं त्राणच नव्हतं. चाळीस पावलांवर. रानरानने त्यांच्याकडे पाहिलं, आणि धावत जाऊन भलत्याच, पतंग उडवणाऱ्या म्हाताऱ्याचा हात धरला. "सापडलात!"

चष्मा नवा, तरी आजोबा ओळखू येत नाहीत. म्हणजे नंबर वाढला. वहिनीला सांगितलं नाही. नुसतं दवाखान्याची तारीख मोजत राहिलो.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. "सव्वातीन. जागच्या जागी."

वहिनी खुर्चीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. मी रानरानला बाजूला घेतलं. "मग त्या दिवशी पतंगवाल्याला का पकडलंस?"

"आजोबा दमले होते, काका." ती चष्मा पुसत म्हणाली. "पकडलं असतं तर उठून तोंड दाखवावं लागलं असतं."

"छान चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जे करताय तेच चालू ठेवा. अठराव्या वर्षापर्यंत."

सोबत आलेल्या बाबांनी बोटं मोजली. एकदा मोजून पटेना, परत मोजली. "ब्याऐंशी," ते मला म्हणाले. "तेव्हा मी झाडामागे गेलो तर मला परत बाहेर कोण काढणार?"

"मी आहे ना," मी म्हणालो. "नोकरी कुठेय मला?"

घरी जाताना बाबा बसमधून दोन स्टॉप आधीच, बागेपाशी उतरले. रानरान खिडकीतून ते कुठे वळतात ते बघत होती.