बोत्सानोची आई

"नाव बदलल्याशिवाय मी गाणार नाही," असे म्हणून तुल्लिओने मायक्रोफोन पुन्हा स्टँडवर अडकवला.

सावोनाच्या बंदरामागे, कोळशाच्या एका जुन्या गोदामात आमची तालीम चालली होती. पुढच्या महिन्यात शहराच्या नाट्यगृहात आम्ही 'लोकरीचे घर' हा आमचा एकमेव अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सलग वाजवणार होतो. मिलानची एक कंपनी तो नव्याने काढत होती. १९७३ साली तो जेमतेम सातआठशे लोकांनी विकत घेतला होता, आणि त्यातले निम्मे आमचे नातेवाईक होते. आता त्याच्या जुन्या प्रतींसाठी जपानमधले लोक पत्रे पाठवतात. तूरिनच्या एका मेटल बँडने त्याचा शेवटचा भाग दुप्पट वेगात आणि चौपट आवाजात ध्वनिमुद्रित केल्यापासून तर कानात बाळ्या घातलेली पोरे मला रस्त्यात थांबवून हात मिळवतात. मी त्या अल्बमवर बास गिटार वाजवली होती. एरवी आयुष्यभर मी शाळेत भूगोल शिकवला.

"चौसष्टाव्या वर्षी तुला नाव हवंय?" मी विचारले. "आता काय करणार त्याचं? थडग्यावर कोरायला उपयोगी पडेल म्हणून?"

"मला नकोय, रेमो. तिला हवंय."

ती म्हणजे कोण हे बँडमध्ये फक्त मला ठाऊक होते.

त्या अल्बमची कथा एका बाईची आहे. ती वसंतात घरोघर जाऊन गाद्या उसवते, आतली लोकर पिंजते आणि गाद्या पुन्हा शिवते. नवरा बंदरावर कोळशाखाली मरतो. त्यानंतर ती स्वतःची गादी उसवते. त्याचा घाम आत राहिला आहे म्हणून लोकर धूत बसते. मग शेजाऱ्यांच्या गाद्या, मग ज्यांनी बोलावलेलेही नाही त्यांच्या. पहिली बाजू संपते तेव्हा तिला डोंगरावरच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेतात. दुसरी बाजू तिथेच घडते. ती बाई तुल्लिओची आई होती, जेम्मा गिल्योने. तिला नेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

पण अल्बमच्या पाकिटावर, शब्द आणि संगीत या दोन्हींपुढे, एकच नाव छापले आहे: अर्नाल्दो बोत्सानो.

त्या काळी आमच्याकडे गाणे स्वतःच्या नावावर नोंदवायचे तर लेखक-संगीतकारांच्या संस्थेची परीक्षा द्यावी लागे. तुल्लिओ ती द्यायला गेला. एका खोलीत बसवून त्याला चार सुरांचा तुकडा दिला आणि त्यावरून वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा नाच, रचायला सांगितले. त्याने सात मात्रांचा वॉल्ट्झ रचला. परीक्षकाने विचारले, हा कुणी नाचायचा? तुल्लिओ म्हणाला, लंगड्यांनी. तो नापास झाला. तेव्हाच्या अनेक बँडनी केले तेच आम्ही केले: परीक्षा पास असलेला एक भला माणूस शोधला. बोत्सानो समुद्रकाठच्या हॉटेलांत वॉल्ट्झ आणि टँगो वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. सगळे शहर त्यांना माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणे. आमच्या संगीतातले त्यांना काही आवडत नव्हते, तरी ते सही करायला तयार झाले. "नाव उसनं देतोय, पोरा," ते तुल्लिओला म्हणाले होते. "पुढच्या वर्षी पास हो आणि तुझं तुझं घेऊन जा."

तुल्लिओ पुन्हा परीक्षेला बसला नाही. गर्व होता, हे खरे. दुसरेही एक कारण होते, ते त्याने मला फार उशिरा सांगितले. परक्या नावाआड त्याची लाज झाकली जात होती. गिल्योनेची आई वेडी, असे गल्लीत कुणी म्हणत नव्हते. म्हणत होते की म्हाताऱ्या बोत्सानोने काय दुःखाची गोष्ट रचली आहे.

अल्बम निघाल्यावर आम्ही दोघे तो घेऊन दवाखान्यात गेलो. तिथे रेकॉर्ड वाजवायची सोय नव्हती. जेम्माने पाकीट मांडीवर घेतले, चित्रावरून हात फिरवला, मग मागच्या बाजूचे शब्द बोट ठेवून एकेक करत वाचले. ती वाचता वाचता थांबे आणि मान हलवी. शेवटी बोट नावाशी आले.

"बोत्सानो," ती म्हणाली. "म्हणजे ही बोत्सानोची आई. बिचारी." आणि पाकीट तुल्लिओच्या हातात देत म्हणाली, "त्याला सांग, तिला भेटायला जात जा म्हणावं."

तुल्लिओने पाकीट काखेत धरले. पुढे दोन वर्षांनी ती तिथेच वारली.

आता नाव बदलायचे तर माएस्त्रोंची सही हवी होती. ते एक्क्याण्णव वर्षांचे झाले होते आणि त्यांची स्मरणशक्ती विरत चालली होती. कायद्याने त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार मुलीकडे, ओर्नेल्लाकडे होता. आम्ही तिला लहानपणापासून ओळखत होतो. रविवारी जेवणानंतर तुल्लिओ कोटाच्या आतल्या खिशात अर्ज ठेवून तिच्याकडे निघाला आणि मला सोबत ओढून घेऊन गेला.

ओर्नेल्लाने दार उघडले ते एप्रनला हात पुसतच.

"आलात का? चाळीस वर्षांनी अक्कल आली म्हणायची."

"सही देणार का ते सांग," तुल्लिओ म्हणाला.

"मला काय हौस आहे तुझी आई सांभाळायची?" तिने आवाज खाली आणला. "पेपरात काय छापून आलं ते वाचलंस ना? 'आईच्या वेडातून जन्मलेलं संगीत.' माझी आजी वेडी? कातेरीना? नव्वदीपर्यंत दुकानात भट्टीपुढे उभी राहून फारिनाताच्या पोळ्या भाजत होती ती! परवा त्या फुलवालीनं माझा हात धरला, म्हणते, तुमच्या आजीनं किती सोसलं. सोसलं तिच्या गिऱ्हाइकांनी. आजीला ओळखणारे आता राहिलेत किती? आणखी दहा वर्षांनी ती खरोखर वेडीच होऊन बसेल."

"मग दे सही."

"देते. पण आधी तू त्यांना सांग. त्यांच्या पाठीमागे मी नाही करायची. रोज संध्याकाळी ती रेकॉर्ड लावायला लावतात, तुल्लिओ. मला सांगवत नाही. तुझं आहे ना? तू सांग."

माएस्त्रो खिडकीपाशी बसले होते. खिडकीतून बंदर दिसत होते आणि तारेवरून डोंगराकडे सरकणाऱ्या कोळशाच्या बादल्या. गळ्यात टाय होता. तुल्लिओला पाहताच ते हसले.

"लंगड्यांचा वॉल्ट्झ!" ते म्हणाले. "ये रे गाढवा. पास झालास का नाही?"

"नाही, माएस्त्रो."

"व्हायचा नाहीस. तुला तीन मोजता येत नाहीत. हा कोण, रेमो ना? तुझी बास नेहमी घाईत असायची. बसा. ओर्नेल्ला, कॉफी टाक, यांना साखर जास्त लागते."

त्यांना इतके सगळे आठवत होते, हे पाहून मला बरे वाटले. तुल्लिओचा चेहराही सैलावला. काम सोपे होणार असे आम्हा दोघांनाही वाटले असावे.

"माएस्त्रो, त्या रेकॉर्डबद्दल बोलायचं होतं," तो म्हणाला. "त्यातल्या बाईबद्दल."

"आईबद्दल?"

तुल्लिओचा हात कोटाच्या आत गेला होता, तो तिथेच राहिला.

"शाळेतून आलो," माएस्त्रो सांगू लागले, "तर जिन्यात लोकर. पायरीपायरीवर. मला वाटलं, बर्फ पडलं की काय घरात. वर गेलो तर ती मधोमध बसलेली, बाजूला साबणाचं पाणी. मला म्हणाली, दार लाव, वाऱ्यानं तो उडून जाईल. तो म्हणजे माझे वडील. मी दार लावलं." त्यांच्या बोटांनी मांडीवर एक सूर शोधला. "तिनं केस कापून टाकले होते. न्यायला आले तेव्हा काकानं आपली हॅट तिच्या डोक्यावर ठेवली, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. हॅट मोठी होती. डोळ्यांवर आली तिच्या. मग जिना उतरताना ती माझ्या खांद्याला धरून उतरली, आंधळ्या माणसासारखी."

ती हॅट अल्बममध्ये कुठेच नाही. सही मागायला गेला त्या दिवशी, आपण काय मागतो आहोत हे कळावे म्हणून, तुल्लिओने त्यांना ती एकदाच सांगितली होती. त्यानंतर त्याने ती कुणालाच सांगितली नव्हती, हे मला मागाहून कळले. मीदेखील ती आज प्रथमच ऐकत होतो. माएस्त्रोंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे त्यांना भान नव्हते. गाण्यात तुल्लिओ इतक्या मायेने कधी बोलला नव्हता. गाण्यात त्याचा राग आहे.

"आणि कातेरीना?" तुल्लिओने विचारले. "फारिनातावाली? ती कोण, माएस्त्रो?"

"कातेरीना..." त्यांनी कपाळावर आठ्या आणल्या. अंगठ्याने टायचे टोक ते गुंडाळू लागले. "होती की. दुकान होतं तिचं. मोठ्या आवाजाची बाई. मी तिच्याकडेच वाढलो. आईला नेल्यावर तिनं घेतलं असणार मला." हे स्वतःच स्वतःला समजावून झाल्यावर त्यांच्या आठ्या गेल्या. "चांगली बाई. परकी असून जेवू घातलं."

ओर्नेल्ला कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीचा पडदा उगाच नीट करू लागली.

"तू कधी तुझ्या आईबद्दल बोलला नाहीस, तुल्लिओ," माएस्त्रो म्हणाले. "कशी होती रे ती?"

मी तुल्लिओकडे पाहिले. आता तो सांगणार, असे मला वाटले. सांगायला आला होता तो. त्याने खिशातला हात बाहेर काढला. तो रिकामा होता.

"माझी?" तो म्हणाला. "माझी आई दुकान चालवायची. भट्टीपुढे उभी असायची दिवसभर. हात नेहमी पिठाचे. थोबाडीत मारली की गालावर पाच पांढरी बोटं उमटायची, आणि शाळेत सगळ्यांना कळायचं. बंदरातल्या हमालांना लाजवतील अशा शिव्या द्यायची. नव्वदीपर्यंत जगली. झोपेत गेली."

पडद्यावरचा ओर्नेल्लाचा हात थांबला होता.

"वा," माएस्त्रो म्हणाले. त्यांनी पुढे वाकून तुल्लिओच्या गुडघ्यावर थोपटले. "सुखाची आई. नशीबवान आहेस. म्हणून तुला असलं काही सुचलं नाही कधी. त्यात तुझा दोष नाही, पोरा. नुसता गळा असून भागत नाही."

तुल्लिओने कॉफी प्यायली. साखर खरोखरच जास्त होती.

ओर्नेल्ला आमच्यामागून जिन्यापर्यंत आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाजात रागच होता.

"माझी आजी उचलून घेतलीस ती घेतलीस, वर तिला मारकुटी ठरवलीस."

"मारायची ना?"

"मारायची." तिने एप्रनने डोळे पुसले. "पुढच्या रविवारी ये. सकाळी ये. सकाळी त्यांचं डोकं साफ असतं."

"आज साफच होतं," तुल्लिओ म्हणाला आणि जिना उतरू लागला.

खाली कोपऱ्यावर कातेरीनाचे ते दुकान अजून आहे. आता ते दुसऱ्याच कुणाचे आहे. तांब्याच्या परातीसारख्या मोठ्या ताटातून हरभऱ्याच्या पिठाची गरम फारिनाता आजही तिथे कापून देतात. तुल्लिओ आत शिरला, म्हणून मीही शिरलो.

"त्या तूरिनच्या बँडच्या गायकाला फोन कर," तो मला म्हणाला. "त्याला गळा आहे. नाट्यगृहात तो गाईल."

"आणि तू?"

"माझा काय संबंध? बोत्सानोच्या आईची गोष्ट आहे."

"तुल्लिओ, पुढच्या रविवारी जाऊ आपण. मी बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलशील? म्हाताऱ्याकडून आई काढून घेशील?" तो दबक्या आवाजात बोलत होता, पण गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या दोन बायकांनी वळून पाहिले. "तो रडला, रेमो. तुझ्यासमोर रडला ना? मी एकदा तरी रडलोय? तिनं तेव्हा दवाखान्यात बरोबर ओळखलं होतं. भेटायला जाणारा मुलगा पाहिजे होता तिला. तो रोज संध्याकाळी भेटतोय."

काउंटरमागच्या तरुणाने सुरी उचलून विचारले, "काय देऊ?"

"दोन तुकडे. कडेचे दे, भाजलेले. जरा नीट काप. माझ्या आईचं दुकान आहे हे."

"मग पैसे नका देऊ, मालक," तो तरुण हसत म्हणाला. त्या दोन बायकाही हसल्या.

तुल्लिओने पैसे काउंटरवर ठेवले. बाहेर येऊन आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. डोक्यावरून बादल्या जात होत्या. त्याने दोन घास खाल्ले आणि उरलेला तुकडा मला दिला. त्याची बोटे तेलाने माखली होती. रुमालासाठी त्याने खिसे चाचपले, तो सापडला नाही, तेव्हा आतल्या खिशातून अर्ज काढला, त्याला हात पुसले, एकेक बोट नीट पुसले, आणि कागद चुरगाळून कोपऱ्यावरच्या पिंपात टाकला.

"घाईत वाजवू नकोस हं तिथे," तो मला म्हणाला आणि बंदराच्या दिशेने चालू लागला.