पाहुणा नावाचा आवाज

मी डिकीत पालथी पडले होते, कान स्टेपनीच्या खड्ड्याला लावून, आणि गाडी चालू होती. हसू नका रे, आधी ऐका तरी. मागच्या सीटची पाठ मामानं काढून ठेवली होती, त्यामुळे डिकी आणि गाडी मिळून एकच लांबट खोली झाली होती, आणि मान वर केली की मला पुढची दोन डोकी दिसत होती. उजवीकडे मामा, स्टिअरिंगवर. डावीकडे मामी, डोळे मिटून. दुपारचे साडेतीन. कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं, त्यांच्या सावल्या काचेवरून एकामागून एक सरकत होत्या. ऊन, सावली, ऊन, सावली. मलाच गुंगी यायला लागली होती.

"भाचेबाई," मामा पुढून म्हणाला, "येतोय का पाहुणा?"

येत होता. टिक. टिक-टिक. टिक. कुणीतरी नखानं पत्रा वाजवावा तसा, अगदी स्वच्छ. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामीनं, झोपलेल्या मामीनं, मान हळूच मागे वळवली. डोळे टक्क उघडे. आणि ओठांवर बोट.

"नाही मामा," मी म्हटलं. "काहीच नाही येत."

"नक्की?"

"नक्की."

मामी परत समोर वळली आणि परत झोपली, म्हणजे डोळे मिटून घेतले. मामानं आरसा जरा नीट केला. मग म्हणाला, "बरं."

बास, एवढंच. ज्या आवाजासाठी तीन आठवडे या माणसानं गाडी सोलून काढली होती, तो गेला, तर हा म्हणतो बरं.

थांबा, मामा कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मेकॅनिक आहे. मामा पाणी खात्यात. रस्त्याखालून जे नळ जातात ना, ते कुठे फुटले ते शोधायचं त्याचं काम. त्यासाठी एक लांब लोखंडी कांडी असते. तिचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, मामा असा वाकून उभा. मग दोन पावलं पुढे, परत वाकून उभा. आणि मग खडूनं रस्त्यावर फुली. मागून खोदणारे यायचे, फुलीवर खोदायचे, आणि खाली पाणी असायचंच. सत्तावीस वर्षं. ऑफिसात त्याला कानसेन म्हणत. लहानपणी मला वाटायचं की मामाला जमिनीचा फोन येतो.

आणि मामी नर्स. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळी. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणी कूस बदलली तरी ही उठून बसणार. नोकरी संपली, पण रात्रपाळी काही संपली नाही. घरात पेशंट नाही, सलाईन नाही, तरी ही बाई पलंगावर टक्क जागी. गोळ्या घेऊन बघितल्या. झोप लागायची, पण उठल्यावर अर्धा दिवस भिंती धरून चालायची. गेल्या वर्षी तशीच जिन्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, गोळी बंद, पण झोप पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी मनगटावर भागायचं नाही.

मग एक दिवस असं झालं की कुठूनतरी परत येताना, याच कालव्याच्या रस्त्यावर, मामीची मान कलली. मामानं घड्याळ पाहिलं. त्याला श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती म्हणे. अकरा मिनिटं झोपली. बाराव्या मिनिटाला डॅशबोर्डात कुठेतरी चिंव झालं आणि ती दचकून म्हणाली, "कोण? कुठली खाट?"

त्या दिवसापासून मामानं ती गाडी हातात घेतली. गाडी म्हणजे काय, साधी चार दारांची, बदामी रंगाची, चौदा वर्षांची. सिग्नलला तशा पाच उभ्या असतात. मामानं ठरवलं की यातला एकेक आवाज मारायचा. आधी त्यानं आवाजांना नावं दिली. डॅशबोर्डातला उंदीर. मागच्या दारातला म्हातारा, कारण खड्डा आला की तो कण्हायचा. रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल म्हणजे घुंगरू. मग सुरू. उंदराच्या सगळ्या फटीत फेल्टच्या पट्ट्या. दारं आतून उघडून पत्र्याला जाड डांबरी शीट. काचांना दुहेरी रबर. इंजिनाखालची रबरी माउंटिंगं नवीन. मामीची सीट काढून टाकली आणि भंगारातून एका मोठ्या गाडीची आणली, आरामखुर्चीसारखी मागे जाणारी. तिच्यासाठी खालचे रूळ कापून परत जोडले. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, एवढं करताय, त्यापेक्षा पाळणाच घ्या की."

मामा म्हणाला, "इंजिन बसवून दे पाळण्याला, घेतो."

आणि काय सांगू, जमत होतं हो. उंदीर मेला, अकराची एकोणीस मिनिटं झाली. म्हातारा गेला, सत्तावीस. रोज दुपारी मामा अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायचा, मामी चप्पल काढून सीटवर पाय घेऊन बसायची, आणि गाडी होडीसारखी निघायची. मी सुट्टीला आले तेव्हा पस्तिसावर गाडी अडली होती. कारण पाहुणा. कधी यायचा, कधी नाही, म्हणून पाहुणा. मामानं उजवीकडचं मागचं चाक चार वेळा खोललं, तिथलं सगळं घट्ट केलं, आणि एक दिवस जाहीर केलं की आता येत नाही. मामीनंही जाहीर केलं की आज कशी गाढ झोपले. चाळीस मिनिटं, पंचेचाळीस, पन्नास. आणि मग मामानं मला डिकीत घातलं, म्हणाला, "तरुण कान आहेत, जरा खात्री कर."

तर त्या दिवशी घरी आलो. मामा हात धुवायला गेला. मामी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी मागोमाग.

"मामी, आवाज येत होता."

"चिमटे धर."

"अगं, येत होता. टिक-टिक."

"मला सांगतेस? पन्नास मिनिटं मोजत असते मी." तिनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. "नीट ओढ, सुरकुती पडते."

"मग मामाला ऐकू..."

"हळू बोल. हळू बोललेलंही येतं ऐकू त्यांना. बोलणं येतं. बारीक आवाज आधी जातात. आणि एक कान जास्त गेला की बाजू चुकते. डावीकडचं उजवीकडे वाटतं. माणसाला कळतसुद्धा नाही. वॉर्डात असे किती पाहिलेत."

मग चादरीची घडी घालता घालता तिनं सांगितलं की दोन महिन्यांत दोन रस्ते खोदले गेले. मामाच्या फुलीवर. दोन्ही कोरडे. दुसऱ्या वेळी तर पाणी शेजारच्या गल्लीत वर आलं होतं आणि शेंबडी पोरं त्यात होड्या सोडत होती.  साहेबांनी मामाला रस्त्यावरून काढून टेबल दिलं. खिडकीजवळचं, चांगलं. अर्ध्या दिवसाची रजा रोज कशी मिळते, हा प्रश्न तोवर माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"अगं मग सांग ना त्याला. मशीन मिळतं कानाचं."

"सांगणार आहे. पण हे एक काम त्यांच्या हातून पुरं झालं असं वाटू दे आधी. बाहेर गेलं ते गेलं. घरात तरी कानसेन राहू दे."

"आणि तुझी झोप?"

"माझं काय. रात्रपाळी समजायची."

ती हसली, पण सकाळीच मी तिला पाहिलं होतं. दूध उतू जाऊन शेगडीवरून खाली गळेपर्यंत ती पातेल्याकडे बघत उभी होती, चमचा हातात धरून. आणि गॅस चालू.

म्हणून दुसऱ्या दिवशी मामा ऑफिसला गेल्या गेल्या मी गाडीची डावी चाकं फुटपाथवर चढवली, गिअरमध्ये टाकली, चाकांना विटा लावल्या आणि जुनं पांघरूण टाकून खाली घुसले. मामीला मागच्या बंपरवर बसवलं. "आता तू गाडी हलव."

"कशी?"

"बसल्या बसल्या उड्या मार."

"समोरची बघतेय खिडकीतून."

"बघू दे की. सांग तिला, व्यायाम सांगितलाय डॉक्टरांनी."

तर साठीची बाई बंपरवर बसून उड्या मारतेय आणि मी खाली मातीत, डोळ्यात धूळ, कान वर. टिक. डावीकडे. टिक-टिक. अगदी मागे, डाव्या चाकाच्या आत. हँडब्रेकची केबल जिथे पत्र्याला क्लिपनं धरलेली असते ना, ती क्लिप सैल झालेली. गाडी हलली की केबल पत्र्यावर टिचकी मारायची. एवढंसं ते. मी पक्कडीनं क्लिप दाबली आणि म्हटलं, गुंडाळायला काहीतरी दे. वरून चिकटपट्टीचं भेंडोळं आलं, दवाखान्यातलं.

"फार घट्ट नको," मामी वाकून म्हणाली. "बोटभर जागा ठेव. रक्त फिरायला पाहिजे."

"मामी, ही केबल आहे."

"सवय गं."

दुपारी निघालो. या वेळी मी सीटची पाठ परत लावून मागे नीट बसले होते, माणसासारखी. कालव्याचा रस्ता लागला आणि काय सांगू तुम्हाला, गाडीत काही म्हणजे काहीच नव्हतं. चाकांची नुसती सरसर, तीसुद्धा लांबची, दुसऱ्याच कुणाच्या गाडीची असावी अशी. झाडं सरकत होती. ऊन मामीच्या मांडीवर यायचं, जायचं. पाण्यावर एक पांढरा पक्षी आमच्याबरोबर उडत होता, बराच वेळ, आणि तोही आवाज न करता. मला वाटलं आपण काचेच्या गोळीच्या आत बसलोय आणि कुणीतरी ती हळूच घरंगळत सोडलीय.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. नेहमीच्या पुलापाशी मामा वळला नाही. सरळ गेला. पुढचा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता.

"कुठे होता?" मामा अगदी हळू म्हणाला. आरशात बघत नव्हता, समोर बघत होता.

"कोण?"

"पाहुणा."

 मी मामीच्या डोक्याकडे पाहिलं.

"ती झोपलीय," मामा म्हणाला. "बघ तिचा हात."

मामीचा हात मांडीवर होता, उताणा, बोटं सुटलेली. लहान मुलाचा असतो ना तसा.

"खरी झोपली की मूठ सुटते तिची. गेले पंधरा दिवस मूठ वळून झोपत होती. अंगठा हलत होता मुठीवर. कशाच्या तरी तालात." मामानं गिअर बदलला, इतका हळू की कळलंसुद्धा नाही. "म्हणजे वाजत होतं काहीतरी. मला येत नव्हतं."

"मग मला डिकीत कशाला..."

"खात्री करायला. तू म्हणालीस, काही नाही. काल रात्री मी खूश होतो. म्हटलं, असेल बाबा, तिचंच काहीतरी असेल. कान शाबूत आहेत आपले." तो थोडा हसला. "सकाळपर्यंत टिकलं."

मला रडू येत होतं, पण ती झोपली होती, म्हणून तेही करता येईना.

"डावीकडे, मागे," मी म्हटलं. "हँडब्रेकच्या केबलची क्लिप."

"डावीकडे," मामा म्हणाला. "मी उजवीकडे शोधत बसलो."

"घट्ट केली. वर चिकटपट्टी मारलीय."

"छान केलंस. उद्या रबर घालू. चिकटपट्टी उन्हानं सुटते."

 कालवा मागे राहिला होता, दोन्ही बाजूंना मोकळं रान, आणि रस्ता उताराचा. मामानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी आपली आपण जात होती.

आणि तेवढ्यात मामीच्या नाकातून शिट्टी यायला लागली. अगदी बारीक. लांब कुणाच्यातरी घरात किटली उकळावी तशी. श्वास आत, काही नाही. श्वास बाहेर, शिट्टी.

मामा तिच्याकडे बघत होता. तिच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे.

"भाचेबाई," तो म्हणाला, "शिट्टी वाजतेय का?"

"वाजतेय."

"बारीक? शेवटी जरा वर जाते?"

"हो मामा. शेवटी वर जाते."

मामानं मान हलवली, पुढे बघितलं, आणि डोकं किंचित तिच्या बाजूला कलतं ठेवून, ऐकत असल्यासारखा, गाडी चालवत राहिला.