ठिपक्याची फिल्म

समोरून

रुग्णाला पाठीवर झोपवावे, पाय सरळ ठेवावा, गुडघ्याची वाटी बरोबर छताकडे यावी. पुस्तकात एवढंच आहे. बायकोने काढलेली फिल्म आपल्यापेक्षा चांगली आली तर नवऱ्याने तोंड कुठे लपवावे, ते पुस्तकात नाही.

त्याला हॉस्पिटलात सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तो एक्स-रे काढायचा. पण समोर आलेल्याला काहीतरी शिकवल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्याची खोड. कोणी हात मोडून आला की त्याचा हात तो नीट ठेवायचाच, शिवाय सोबत आलेल्या मेव्हण्याला कोपर कसं बनलेलं असतं तेही समजावून द्यायचा. मेव्हणा बिचारा मान डोलवायचा. सकाळची पाळी मास्तरची, दुपारची त्याच्या बायकोची. तिला सगळे बाई म्हणत. त्यात थट्टा नव्हती, नुसता मान होता. मास्तरच्या पोटात दुखायला इथूनच सुरुवात व्हायची.

खोली एक, टेबल एक, यंत्र एक. नवरा कोण आणि बायको कोण हे यंत्राला कळत नाही. तरी हाडांचे डॉक्टर रुग्णाला सांगायचे की घाई नसेल तर दुपारी काढून घ्या. आणि तो रुग्ण भोळेपणाने येऊन ते मास्तरलाच सांगायचा. वर विचारायचा, दुपारी यंत्र जास्त चांगलं चालतं का हो?

मास्तर म्हणायचा, हो, तापलेलं असतं.

बाजूने

रुग्णाला दुखऱ्या पायाच्या कुशीवर वळवावे. गुडघा थोडा वाकवावा.

आता इथे खरी मेख आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोळ्यांचं असतं. बाजूने फिल्म काढताना ते दोन्ही गोळे एकावर एक यायला हवेत, इतके की एकच आहे असं वाटावं. पाय जरा कलला की दुसरा गोळा मागून डोकावतो. मास्तरच्या फिल्ममध्ये तो डोकावायचा. फार नाही, अर्धवट उघड्या दारातून शेजारीण डोकावते तेवढाच. बाईच्या फिल्ममध्ये दार बंद असायचं.

डॉक्टर ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावत आणि म्हणत, "बाई, चित्र आहे हो हे." बाई हसायची. घरी ती तशी हसल्याचं मास्तरला आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण त्याला बरेच दिवस झाले होते, आणि तेव्हा समोर डॉक्टर नव्हते.

आणि हे सगळं ती शिकली कुठे? त्याच्याच घरात, त्याच्याच पलंगावर.

लग्न नवं होतं आणि मास्तरची परीक्षा तोंडावर आली होती. सरावाला माणूस हवा, तर घरात होती ती एक बायको. एका हातात पुस्तक धरून तो तिला दुसऱ्या हाताने वळवायचा. खांदे पुढे. हनुवटी वर. श्वास घे, धर. ती धरायची. तो पुस्तकात पुढचं वाचायला लागायचा आणि तिला विसरायचा. शेवटी लालबुंद होऊन तीच विचारायची, "सोडू का हो?" मानेच्या मुळाशी बोटाला लागणारा मणका, कमरेच्या हाडाची कड, छातीच्या मधोमध वर असलेली खाच, असं सगळं शरीर त्याने तिला चाचपून पाठ केलं. ती पडल्यापडल्या भाजी निवडता येईल का म्हणून विचारायची.

गुडघ्यापाशी मात्र गाडी अडली. तिला कुशीवर वळवून तो तिचा पाय इकडे फिरव, तिकडे फिरव करत बसला होता. शेवटी ती वैतागली. म्हणाली, अहो, टाच खाली लोंबतेय म्हणून गुडघा फिरतोय, घोट्याखाली काहीतरी द्या की. त्याने टॉवेलची घडी करून दिली. पाय बसला तो बसलाच. परीक्षेत त्याने घोट्याखाली घडी दिली, परीक्षक खूश झाले, मास्तर पास झाला.

मग ती म्हणाली, मलाही शिकायचंय. तो हसला होता. घरात दोघांनी एक्स-रे काढून करायचं काय, भिंतीवर लावायचे का?

ती शिकली. आणि टेबलावर पडलेल्या माणसाला काय वाटतं हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. टेबलाचा पत्रा गार आहे, हे ती पाठ टेकायच्या आधी सांगायची. हात लावायच्या आधी सांगायची. माणूस सैल सोडायचा, आणि सैल माणसाचं हाड बरोबर जागेवर येतं. मास्तर हे रोज बघत होता. ही युक्ती त्याला कळत होती. ती उचलली तर तिच्याकडून शिकल्यासारखं होईल, म्हणून तो ती उचलत नव्हता.

तिरकं

फिल्म डाव्या गुडघ्याची की उजव्याची, हे नुसत्या हाडावरून पक्कं कळत नाही, कारण फिल्म उलटीही धरता येते. म्हणून कॅसेटच्या, म्हणजे फिल्म ठेवायच्या सपाट डबीच्या, कोपऱ्यावर शिशाचं एक छोटं इंग्रजी अक्षर चिकटवतात. उजव्याला आर, डाव्याला एल. हाडासोबत तेही फिल्मवर उमटतं. ज्याची त्याची आपापली जोडी असते. बाईच्या अक्षरांखाली शिशाचा एक बारीक छर्रा डकवलेला होता, म्हणून तिच्या फिल्मवर अक्षराखाली ठिपका यायचा. मास्तरची अक्षरं साधी. हॉस्पिटलात सगळे म्हणत, ठिपक्याची फिल्म आहे का? मग बघायला नको.

बघायला नको! हेच तर मास्तरचं म्हणणं होतं. डॉक्टर हाड बघतच नाहीत, ठिपका बघतात. एकदा ठिपका दिसला की गोळे सरकलेले असोत नाहीतर घरंगळत गेलेले असोत, चित्र आहे चित्र. हा विचार त्याने दाढी करताना केला, जेवताना केला, आणि बायको शेजारी बसून मोजे गुंडाळत होती तेव्हा तिच्याकडे बघत केला. करता करता त्याची खात्रीच पटली.

त्या सकाळी एक रंगारी आला. स्टुलावर चढून छत रंगवत होता, स्टूल गेलं आणि हा खाली आला. डावा गुडघा टम्म सुजलेला, आणि तोंड मात्र चालू. रंग सांडला नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं.

बाईचा पांढरा कोट खुंटीवर होता. तिची पाळी दुपारची, ती घरी होती. मास्तरने कोटाच्या खिशात हात घातला.

चोरी नव्हती ती. नवऱ्याने बायकोच्या खिशात हात घातला तर त्याला चोरी म्हणत नाहीत. पण मग त्याने आधी दाराकडे का बघितलं?

तिची जोडी काढून घेतली, आपली जोडी ट्रेमध्ये तशीच राहू दिली. मनाशी म्हणाला, आता कळेल. मी काढतो, ठिपका तिचा लावतो, आणि बघू डॉक्टर काय म्हणतात. ते म्हणणार, चित्र आहे. मग मी शांतपणे सांगणार की ते माझं आहे.

त्याने रंगाऱ्याला वळवलं. गुडघा वाकवला. घोट्याखाली घडी द्यायची तर ती कपाटात, कपाट पलीकडे, आणि त्याचं सगळं लक्ष ठिपक्यात. राहिली. खोलीतला दिवा मंद करून त्याने कॅसेटवर शिशाचं अक्षर डकवलं. लाल पट्टीचं.

आता ही लाल पट्टी म्हणजे जुनं भांडण. अक्षर चटकन सापडावं म्हणून त्याच्या पाठीला रंगीत पट्टी लावतात. मास्तरच्या जोडीत लाल म्हणजे डावं. का, तर हृदय डावीकडे आणि हृदय लाल. बाईने नोकरीला लागल्यावर स्वतःची जोडी केली, तेव्हा लाल उजव्याला लावली. सगळीकडे तसंच असतं म्हणाली. तो म्हणाला, मग हृदयाचं काय? ती म्हणाली, हृदयाचा एक्स-रे काढताना बघू.

इतक्या वर्षांत मास्तरने अक्षर कधी वाचलं नव्हतं. तो पट्टी बघायचा. लाल म्हणजे डावं.

फिल्म आली. त्याने ठिपका बघितला. झकास उमटला होता. अक्षर नाही बघितलं.

धरा

पाळी संपली तरी तो घरी गेला नाही. डब्याची पिशवी घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसला. बाई आली, त्याला बाकावर बघून म्हणाली, बरं नाही का? तो म्हणाला, बरं आहे. ती एक्स-रेच्या खोलीत गेली आणि तिने खुंटीवरचा कोट अंगात चढवला. खिसा चाचपला की नाही, ते त्याने बघितलं नाही, म्हणजे बघायचं टाळलं.

थोड्या वेळाने डॉक्टरांचा आवाज आला. बाईंना बोलवा.

आली, त्याने मनात म्हटलं. आता डॉक्टर चित्र आहे म्हणणार. श्वास घ्या. धरा.

दार अर्धवट उघडं होतं. शिकाऊ डॉक्टर उभे होते, रंगारी खुर्चीत होता. डॉक्टर म्हणाले, "बाई, आज काय झालंय तुम्हाला? गोळे सरकलेत. आणि याचा दुखतोय डावा, फिल्म म्हणतेय उजवा. उद्या मी भलताच पाय उघडला असता."

कोणीतरी शिकाऊ फिसकन हसलं.

 भलत्या पायाचं मास्तरच्या डोक्यात नंतर शिरलं. आधी शिरलं ते हे, की गोळे सरकलेत. ठिपका होता. ढळढळीत ठिपका होता, तरी त्यांनी गोळे बघितले. म्हणजे हा माणूस आजवर हाडच बघत आला होता.

बाई पेटीसमोर उभी राहिली. फिल्मच्या कोपऱ्यातली सकाळची वेळ तिने बघितली. ठिपका बघितला. तिला कळायला कितीसा वेळ लागणार? ती सकाळी घरी भाजी निवडत होती. एका वाक्यात तिने स्वतःला सोडवून घेतलं असतं, आणि बाकावरच्या माणसाला बुडवलं असतं.

"परत काढते," ती म्हणाली.

श्वास धरून ठेवलेला मास्तर बाकावर तसाच. सोडा म्हणणारं कोणी नव्हतं.

पुन्हा

एक्स-रेच्या खोलीच्या काचेपलीकडून त्याने बघितलं. तिने रंगाऱ्याला सांगितलं, पत्रा गार लागेल. मग सांगितलं, आता घोट्याला हात लावते. रंगारी म्हणाला, लावा, सकाळी न सांगताच लावला होता. तिने टॉवेलची घडी दिली, गुडघा आपोआप बसला. ट्रेकडे हात गेला, थांबला, काहीतरी उचललं.

फिल्म डॉक्टरांकडे गेली. मास्तर मागोमाग, उगाच. आतून आवाज आला. "आता कसं! बघा रे, एकच गोळा दिसतोय. आणि वाटीला बारीक चीर आहे, सकाळी दिसलीच नव्हती. ठिपका नाही याला, म्हणजे बाईंनी मास्तरला काढायला लावली. वा मास्तर. बाईंना म्हणावं, घरातच गुरू आहे तुमच्या."

ज्या शब्दांसाठी तो इतके दिवस जळत होता, ते असे आले, आणि ते चावताच येईनात.

त्याला वाटलं, ही मोठेपणा दाखवतेय. माझी अक्षरं लावून माझी लाज राखली. आणि लगेच, सवयीने, पोटात दुखलं. म्हणजे माफ करायलाही हिलाच जास्त चांगलं येतं!

तो एक्स-रेच्या खोलीत गेला. ती टेबल पुसत होती.

"माझी का लावलीस?" त्याने विचारलं.

"मग कुठली लावू? माझी तुमच्या खिशात आहेत." तिने हात पुढे केला. "द्या."

एवढंच होतं. मोठेपणा नाही, टोमणा नाही. ट्रेमध्ये जे होतं ते तिने वाचून लावलं होतं. त्याने जोडी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती खिशात टाकली.

"बाहेर दोघं बसलेत अजून," ती म्हणाली. "मी बोलत नाही आहे, ते कामामुळे. घरी बोलेन."

"डॉक्टरांना मी सांगतो."

"सांगाल का?"

त्यावर त्याने काही शिकवलं नाही.

डॉक्टरांच्या खोलीत शिकाऊ होतेच. बरं झालं, नाहीतर त्याने पाठ फिरवली असती. दारात उभं राहून त्याने सांगितलं, की सकाळची फिल्म त्याची, ठिपका तिच्या खिशातून काढून त्याने लावलेला, बाजूही त्यानेच चुकवली. दुपारची तिची. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "असं कोणी करतं का हो, मास्तर? त्या पायाचं काय झालं असतं?"

"माहीत आहे."

"म्हणजे ही चांगली फिल्म बाईंची."

"तिची," मास्तर म्हणाला. हे दोन अक्षरी उत्तर त्याला बाकी सगळ्यापेक्षा जड गेलं.

डॉक्टरांनी मान हलवली, ते वर कळवणार होते आणि त्यांनी तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो वळला, उंबऱ्यापर्यंत गेला, आणि पाय निघेना. पाठमोराच म्हणाला,

"घोट्याखाली घडी द्यायची, ते मात्र माझ्याकडून शिकली ती."